मन राहतं कुठे? छातीत, डोक्यात की ठाण्याला?

खाडीकाठचा (शनिवार, रात्री १०:५२)

ठाण्यात जन्मलेल्या माणसाला एकच विनोद जन्मभर ऐकावा लागतो. "कुठे राहता?" "ठाण्याला." "आत की बाहेर?" आणि मग समोरचा स्वतःच हसतो. येरवडेकरांचीही हीच रड असणार. लोकलने मुलुंड सोडलं की मनोरुग्णालयाची ती झाडी लागते. लहानपणी अभ्यासाला टाळाटाळ केली की आई म्हणायची, "ठाण्याला नेऊन घालीन हां." आम्ही राहायचो नौपाड्यात, म्हणजे ठाण्यातच. तरी धमकी लागू पडायची.

फेब्रुवारीत आईला (वय ७८) झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून डाव्या बाजूचा डाग दाखवला. म्हणाले, "बोलणं इथून चालतं." तेव्हापासून आई चमच्याला "ते... ते..." म्हणते. "हो"च्या जागी "नाही" येतं आणि मग स्वतःवरच चिडते. पण वॉर्डात कुणीतरी मोबाइलवर गणपतीची आरती लावली, तर बाईने तिन्ही कडवी म्हटली! एक शब्द चुकला नाही. मी आणि नर्स एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

काकू म्हणाली, "तिचं मन शाबूत आहे रे, नुसतं डोकं दुखावलंय."

त्या वाक्यावर मी महिनाभर अडकलोय. मन वेगळं आणि डोकं वेगळं, हे आपण कधीपासून धरून चाललोय? मन मेंदूत असतं असं पहिल्यांदा कुणाला वाटलं, आणि लोकांनी ते मानलं का? आपल्याकडचे जुने लोक काय म्हणायचे? नेटवर शोधलं की दहा ओळींत उरकलेलं मिळतं. इथे वाचणारी मंडळी आहेत म्हणून विचारतोय.

कोपरखैरणे_लोकल (रात्री ११:०४)

आईंना लवकर आराम पडो.

पहिली काडी मी टाकतो. मन पोटात असतं. गोळा पोटात येतो, माया पोटात असते, गुपित पोटात ठेवतात, माणूस पोटात शिरतो. डोक्यात काय जातं? राख.

नेरूळची_नलू (रात्री ११:१५)

काळीज विसरलात का लोकल? आणि काळीज म्हणजे हृदय नव्हे बरं का. मटणवाल्याकडे "काळीज द्या" म्हटलं तर तो यकृत देतो. म्हणजे "काळजाचा ठोका चुकला" म्हणताना आपण यकृताला ठोके देतो. कवी लोकांनी एकदा दुकानात जाऊन यावं.

यात मराठी माणूस एकटा नाही. बाबिलोनच्या लोकांना यकृताचं केवढं प्रस्थ! मेंढीचं यकृत बघून राज्याचं भविष्य सांगायचे, शिकाऊ लोकांसाठी मातीची यकृतं करून त्यावर खुणा कोरायचे. माझा मुलगा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये तसलं एक बघून आला आणि मला फोटो पाठवला. मी म्हटलं, छान भाजलंय.

अण्णा_पाचपाखाडी (रविवार, सकाळी ६:४०)

धागाकर्ते, काल वाचून झोपलो आणि पहाटे उठून लिहितोय. निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते.

लोक आधी इजिप्तवाल्यांना हसतात. ममी करताना हृदय जपून शरीरातच ठेवायचे, कारण मेल्यावर न्यायाच्या तराजूत ते पिसासमोर तोललं जाणार. मेंदू मात्र नाकातून आकडा घालून काढायचे आणि फेकून द्यायचे. पण त्याच देशातला सुमारे इ. स. पू. १६०० चा एक वैद्यकीय पपायरस आहे. त्यात जखमांची ४८ प्रकरणं आहेत. डोक्याला मार लागला की शरीराचं काय काय बिघडतं याच्या त्यात नोंदी आहेत. म्हणजे जखम बांधणाऱ्याला एक दिसत होतं आणि पुरोहिताला दुसरं. एकाच गावात दोन्ही नांदत होते.

आता ॲरिस्टॉटल. हा माणूस हृदयवादी होता आणि मेंदू म्हणजे रक्त थंड करायची सोय असं म्हणायचा. त्याला वेडा ठरवण्याआधी त्याचे पुरावे बघा. कोंबडीची अंडी रोज एक अशी फोडून त्याने पाहिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढऱ्यात एक लाल ठिपका उडताना दिसतो, ते हृदय. सगळ्यात आधी हलतं तेच. मेल्यावर थांबतं तेही तेच. राग आला, भीती वाटली की धडधडतं तेच. उलट मेंदू हाताला गार लागतो, आणि उघड्या मेंदूला स्पर्श केला तर त्या प्राण्याला काही कळत नाही. शिवाय ज्यांना मेंदू दिसत नाही असे किडेही हलतात, टोचलं की आकसतात. मग मेंदूला मान द्यायचा कशाला? माझ्यासमोर एवढेच पुरावे असते तर मीही हृदयालाच मत दिलं असतं.

कोपरखैरणे_लोकल (सकाळी ९:३०)

अण्णा, सकाळी सकाळी अंडी फोडलीत. मी आत्ताच आम्लेट खाल्लं, आता तो उडणारा ठिपका नजरेसमोरून हलत नाही.

रातपाळी (सकाळी १०:२०)

नवी मुंबईत डॉक्टर आहे, ड्यूटी संपवून ट्रान्स-हार्बरमध्ये बसून लिहितेय, टायपो माफ.

अण्णांचा मुद्दा बरोबर आहे. मेंदूला स्वतःची वेदना नसते. म्हणून तर आज रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. ॲरिस्टॉटलने हेच निरीक्षण उलट्या बाजूने लावलं.

पण त्याच्या आधीच दुसरी बाजू मांडून झाली होती. इ. स. पू. पाचव्या शतकात क्रोटोनचा अल्कमिऑन म्हणाला होता की इंद्रियांच्या वाटा मेंदूकडे जातात. पुढे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथात अपस्माराबद्दल, म्हणजे फिट येण्याबद्दल, लिहिलंय की हा रोग काही देवाचा कोप नाही, मेंदूचा आहे. आपलं हसू, रडू, भीती, वेड सगळं मेंदूतून येतं. जवळजवळ २४०० वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि माझ्या ओपीडीत आजही फिट आल्यावर नाकाला चप्पल लावून आणलेला पेशंट असतो.

मग गेलन. हा दुसऱ्या शतकातला, पर्गमममध्ये ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, त्यामुळे उघड्या जखमा भरपूर पाहिलेल्या. त्याने भर सभेत एक प्रयोग केला. डुक्कर बांधलं. ते किंचाळतंय. गळ्यातली एक बारीक नस कापली. डुक्कर धडपडतंय, श्वास घेतंय, पण आवाज बंद. आवाज छातीतून निघतो, म्हणजे विचारही छातीतच, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्याने अशी बंद केली. ती नस मेंदूकडून येते. आजही थायरॉइडचं ऑपरेशन करताना सर्जन जिला सगळ्यात जास्त जपतात ती हीच.

तुर्भे आलं. पुढचं नंतर.

सनातन_सागर (दुपारी १२:०८)

पुन्हा तेच ग्रीक आणि तेच रोमन. हे सगळं आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. चरकात मेंदूची संपूर्ण रचना दिलेली आहे. पाश्चात्त्यांनी आपलंच उचललं.

वैद्यबाई_वाशी (दुपारी १:३५)

सागर, मी चरक शिकले आहे, बीएएमएसला घासून घासून. तेव्हा जरा सावकाश घ्या.

चरक आणि सुश्रुत दोघेही चेतनेचं स्थान हृदय सांगतात. सुश्रुतात तर सरळ "हृदयं चेतनास्थानम्" आहे. त्याच चरकात दुसरीकडे डोक्याला उत्तमांग म्हटलंय, कारण प्राण आणि सगळी इंद्रियं तिथे आश्रयाला आहेत. आता याचा मेळ कसा घालायचा यावर आमच्यात आजही वाद होतात. काही आधुनिक वैद्य म्हणतात, हृदय म्हणजे इथे मेंदूच समजा. मला ते पटत नाही. ग्रंथकाराला मेंदू म्हणायचा असता तर मस्तुलुंग हा शब्द त्याच्याकडे होता की.

गंमत पुढे आहे. भेल म्हणून एक संहिताकार आहे. चरकाची मूळ परंपरा ज्या अग्निवेशाची, त्याचा हा गुरुबंधू. तो उन्मादाच्या प्रकरणात म्हणतो, मन डोकं आणि तोंडातली टाळू यांच्या मध्ये असतं आणि चित्त हृदयात. वेड लागताना आधी मन बिघडतं, मग चित्त, मग बुद्धी. एकाच गुरूचे शिष्य आणि मतं वेगवेगळी! या ग्रंथाची हाती आलेली प्रत तंजावरच्या ग्रंथालयातली, आपल्या भोसले राजांनी वाढवलेल्या. तीही मध्ये मध्ये फाटलेली.

तेव्हा "ऋषींना सगळं माहीत होतं" असं म्हणू नका. ते भांडत होते असं म्हणा. मला त्याचाच जास्त अभिमान वाटतो.

सनातन_सागर (दुपारी १:५०)

भेलबद्दल माहीत नव्हतं. पण म्हणजे डोक्यात मन आहे हे आपल्याकडे म्हटलं होतं, हे तर खरं ना?

वैद्यबाई_वाशी (दुपारी १:५८)

एकाने म्हटलं होतं. एवढं खरं.

तर्कट (दुपारी ३:१०)

वैद्यबाईंना +१. पण सगळेच "मन" आणि इंग्रजीतला "माइंड" एकच धरून चाललेत. तिथेच पाय घसरतो.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, मन हे एक साधन आहे, अणूएवढं. आत्मा आणि इंद्रियं यांच्यामध्ये ते पळापळ करतं. एका वेळी एकाच इंद्रियाला चिकटतं, म्हणून दोन ज्ञानं एकदम होत नाहीत. आणि मन असल्याचा पुरावा काय, तर हाच! डोळे उघडे, कान उघडे, तरी एका वेळी एकच कळतं, म्हणजे मध्ये कुणीतरी दारवान आहे.

यावर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचा आक्षेप, फार चवदार आहे. शष्कुली म्हणजे तळलेला कुरकुरीत पदार्थ, मी आपली चकली धरतो. लांबलचक शष्कुली खाताना ती दिसते, वास येतो, चव लागते, हाताला खरखरीत लागते आणि कुर्रकन आवाजही येतो. झाली ना पाच ज्ञानं एकदम? नैयायिक, म्हणजे न्यायवाले, म्हणतात, छे. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसा. एकदम भोक पडल्यासारखं वाटतं, पण पडतं एकेकीलाच. मन एवढं वेगात पळतं की आपल्याला सगळं एकदम झाल्यासारखं वाटतं.

आणि सांख्य हे दुसरं दर्शन तर आणखी पुढे. त्यांच्या हिशेबात मन, बुद्धी, अहंकार सगळं प्रकृतीचं, म्हणजे जडाच्या बाजूचं. पलीकडे फक्त पुरुष, म्हणजे शुद्ध चेतना, जो नुसता बघतो. म्हणजे युरोपात भिंत मन आणि शरीर यांच्यामध्ये उभी आहे, सांख्यांची भिंत मनाच्याही पलीकडे आहे. सांख्याला एमआरआय दाखवा आणि सांगा की मन मेंदूत सापडलं. तो म्हणेल, बरं मग? मन जडच आहे म्हणून मी कधीपासून सांगतोय.

ऐरोली_बेंचवर (दुपारी ३:४१)

म्हणजे मन सिंगल कोअर आहे आणि टास्क स्विचिंग करतं! मॅनेजरला हे सूत्र फॉरवर्ड करतोय. कॉलवर असताना मेल लिहायला सांगतो, अणूएवढं मन पुरेल कसं.

खाडीकाठचा (दुपारी ४:२५)

तर्कट, चार्वाकाचं काय? तो शरीरवादी ना?

तर्कट (दुपारी ४:४०)

चार्वाक म्हणतो, पिठात नशा नाही, गुळात नाही, पाण्यात नाही. आंबवा, नशा येते. तसं चार भूतं एकत्र आली की चैतन्य येतं, ती विस्कटली की जातं. फार तर गुत्त्यावरचं उदाहरण म्हणा, पण दोन हजार वर्षांनंतरही मेंदूवाल्यांची बाजू इतक्या सोप्या शब्दांत कुणी मांडलेली मी ऐकली नाही. अर्थात त्याचं म्हणणं आपल्याला बहुतेक त्याच्या विरोधकांच्याच पुस्तकांतून कळतं, तेव्हा त्याने याहून चांगलंही काही म्हटलं असेल.

कोपरखैरणे_लोकल (दुपारी ४:४४)

चार्वाकाला माझा एक पेग. कृपया हलके घ्या.

ऐरोली_बेंचवर (संध्याकाळी ६:०२)

मजा बाजूला ठेवून एक प्रश्न. सरळ असं का नाही म्हणत की मेंदू म्हणजे हार्डवेअर आणि मन म्हणजे सॉफ्टवेअर? काकूंचं वाक्य याच्यात चपखल बसतं. सॉफ्टवेअर शाबूत, हार्डवेअरचा एक भाग गेला.

अण्णा_पाचपाखाडी (संध्याकाळी ७:१५)

बेंचवर, प्रत्येक पिढीला आपल्या गल्लीतलं यंत्र डोक्यात दिसतं. देकार्त या सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या काळी फ्रान्सच्या राजाच्या बागेत पाण्याच्या जोरावर हलणारे पुतळे होते. नळ्यांतून पाणी सोडलं की पुतळा हात हलवी. देकार्त म्हणाला, शरीर असंच. नसा म्हणजे नळ्या, त्यातून एक सूक्ष्म वायू धावतो. कारंज्यांचा देखरेख्या कुठे बसतो, तर मेंदूच्या मध्यावरच्या पिनियल ग्रंथीत. का? कारण मेंदूत सगळं जोडीजोडीने आहे आणि ही एकटी. आत्मा एक, तर खोलीही एकच हवी. माझ्या तरुणपणी मेंदूला टेलिफोन एक्स्चेंज म्हणायचे. मी स्वतः ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसलोय, तेव्हा ती उपमा पटायची. आता तुमचं सॉफ्टवेअर.

आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या मशिनवर चढवता येतं. धागाकर्त्यांच्या आईंचं मन कशावर चढवणार आहात?

उलटतपासणी (रात्री ८:३०)

अण्णांनी देकार्त काढलाच आहे तर मी एलिझाबेथ काढते. इंग्लंडची राणी नव्हे, बोहेमियाची राजकन्या, राज्य गमावून हॉलंडमध्ये राहिलेली. १६४३ च्या मे महिन्यात तिने देकार्तला पत्र लिहिलं. वय २४. प्रश्न एवढाच होता: तुम्ही म्हणता आत्म्याला लांबी-रुंदी नाही, तो जागा व्यापत नाही. मग तो शरीराला ढकलतो कसा? ढकलायला स्पर्श लागतो, आणि स्पर्शाला अंग.

देकार्तने उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही, तिने पुन्हा विचारलं. त्याने सुचवलं की अशा गोष्टींवर फार डोकं न चालवता रोजच्या व्यवहारातून आणि गप्पांतून त्या उमगतात. आपल्याकडे घरोघर देतात तेच उत्तर! "तू फार विचार करतेस." मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताडकन उठून बसले होते.

पुढे १६६५ मध्ये स्टेनो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये व्याख्यान देऊन सांगितलं की ती ग्रंथी देकार्त म्हणतो तशी इकडेतिकडे हलूच शकत नाही. पण तो नंतरचा सुरा. त्याआधीची टाचणी एलिझाबेथची. पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात, याचा मला राग आहे.

नेरूळची_नलू (रात्री ८:५२)

उलटतपासणी, टाळ्या! ती आज असती तर इथे आयडी घेऊन सगळ्यांची सालटी काढली असती.

अवांतर: माझा मुलगा शाळेत जिन्यावरून पडला त्याच क्षणी मला घरी ठेच लागली होती. याला काय म्हणाल? मन मेंदूत असेल तर ते नेरूळहून शाळेपर्यंत गेलं कसं?

रातपाळी (रात्री ९:२०)

नलूताई, याच प्रश्नातून ईईजी जन्माला आला, खोटं नाही. हान्स बर्गर नावाचा जर्मन तरुण लष्करी सरावात घोड्यावरून पडला, तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली, कारण बहिणीला वाटलं होतं की त्याच्यावर काही संकट आलंय. मन दूरवर कसं पोचतं हे शोधायला तो मेंदूच्या मागे लागला. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये छापल्या. टेलिपथी काही सापडली नाही, पण फिटच्या रोग्यांसाठी रोज वापरतो ते यंत्र मिळालं.

बाकी, ज्या दिवशी ठेच लागली आणि मुलगा पडला नाही ते दिवस कुणी लक्षात ठेवतं का?

नेरूळची_नलू (रात्री ९:३१)

डॉक्टर मंडळी ना, एक ठेच सुखाने लागू देत नाहीत.

घोडबंदरची_वाट (रात्री १०:१०)

मी मूक वाचक, पण आता राहवत नाही. मागच्या वर्षी इथल्याच एका क्लासने माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि साडेचार हजारांत रंगीत अहवाल दिला. मेंदूचा कुठला भाग किती टक्के, गणित किती, संगीत किती, "नेतृत्व ३१ टक्के". नवऱ्याने तो लॅमिनेट करून घेतला. मला तेव्हाच पाल चुकचुकली होती. यात काही तथ्य आहे का?

रातपाळी (रात्री १०:४०)

काही नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगता येत नाही. ही गालची मावसबहीण आहे.

फ्रान्झ गाल (१७५८-१८२८), व्हिएन्नाचा डॉक्टर. शाळेत त्याच्या लक्षात आलं होतं की ज्या पोरांचं पाठांतर पक्कं त्यांचे डोळे बटबटीत. त्यावरून त्याने मेंदूचे २७ भाग पाडले. प्रेम इथे, चोरी इथे, देवभक्ती इथे. ज्याचा जो भाग मोठा तिथे कवटीला टेंगूळ. टेंगळं चाचपा, स्वभाव सांगा. पुढे लोक नोकरीला आणि लग्नाला डोकी चाचपून घ्यायला लागले. पैसे मोजून.

तरी गालला नुसतं हसू नये. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामं आहेत, ही गोष्ट त्याने लावून धरली आणि ती टिकली. टेंगळं मात्र गेली.

कोपरखैरणे_लोकल (रात्री १०:४४)

गेली कुठे? माझ्या सासूबाई अजून म्हणतात, "कपाळ मोठं, मुलगा हुशार निघणार." त्यांना टक्कल आणि कपाळ यातला फरक कुणी सांगायचा?

ऐरोली_बेंचवर (सोमवार, सकाळी ८:५५)

कुणी फिनीस गेजचं नाव कसं काढलं नाही? १८४८, अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेचं काम. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटी, सहा किलोची पहार गालाखालून घुसून टाळूतून बाहेर पडली. माणूस जगला! पण स्वभाव पार बदलला. आधी शांत आणि जबाबदार, नंतर शिवराळ, बेभरवशाचा, दारुडा, कुठेच टिकला नाही. मन म्हणजे मेंदू, याला अजून काय पुरावा पाहिजे?

उलटतपासणी (सकाळी ११:२०)

बेंचवर, अर्धं खरं. शिवीगाळ आणि लहरीपणा त्याच्या डॉक्टरने, हार्लोने, नोंदवलाय. "हा आता आमचा गेज राहिला नाही," असं मित्र म्हणायचे, तेही त्यानेच लिहिलंय. पण ते छापलं १८६८ मध्ये, गेज मेल्यावर आठ वर्षांनी. दारुडा, भटक्या वगैरे फोडणी नंतरच्यांची. हा माणूस चिलीला जाऊन बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता. घाटातून चार-सहा घोडे आवरत, उतारू आणि सामान सांभाळत. बेभरवशाच्या माणसाला ही नोकरी कोण ठेवील? म्हणजे बिघडला, पण नंतर बराच सावरलाही असावा. ही दुसरी अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिने पुरावा सैल पडतो.

ऐरोली_बेंचवर (सकाळी ११:४५)

चिलीचं माहीत नव्हतं. कॉलेजच्या सरांनी फक्त पहार शिकवली. माघार.

खाडीकाठचा (दुपारी १:०५)

उलटतपासणी, हा भाग मी तीनदा वाचला. सावरला असावा, हे शब्द आमच्या घरात सध्या फार महाग आहेत.

रातपाळी (रात्री ११:५०)

खाडीकाठचा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण चकली, पेग आणि टेंगळं यात आई मागेच राहिल्या.

१८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक रुग्ण आला. वीसेक वर्षं तो फक्त "तां" एवढंच बोलायचा. काहीही विचारा, "तां, तां." चिडला की एखादी शिवी मात्र स्वच्छ यायची. त्याला समजायचं बरंच, हाताने आकडे दाखवायचा. काही दिवसांतच तो वारला. मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढे खराबी. तुमच्या डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवलं ते त्या परंपरेतलं बोट आहे.

पण आरतीची गोष्ट त्याहून जुनी आहे. १७४५ मध्ये स्वीडनमध्ये ओलोफ डालिनने एका माणसाची नोंद केली. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, पण आजाराआधी पाठ असलेली स्तोत्रं कुणी सुरुवात करून दिली की गाऊ शकायचा. ब्रोकाच्या शंभर वर्षं आधी! घोकलेलं, चालीवर बसलेलं, रोजच्या सवयीचं बोलणं आणि नवीन वाक्य जुळवून बोलणं ही मेंदूची सारखी कामं नाहीत. पहिलं पुष्कळदा वाचतं. अशा पेशंटना गाण्याच्या चालीवरून शब्दाकडे नेण्याचे व्यायामही असतात, तुमच्या स्पीच थेरपिस्टना विचारा.

काकूंचं म्हणाल तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. आईंना काय म्हणायचंय ते ठाऊक आहे, शब्द हाती लागत नाही. त्याला मराठीत "मन शाबूत आहे" याहून नेमकं काय म्हणाल? फक्त ते शाबूत मनही त्याच मेंदूच्या उरलेल्या भागात आहे, असं मी समजते. तर्कट वेगळं म्हणतील.

तर्कट (मंगळवार, सकाळी ७:३०)

वेगळं म्हणणार होतो, पण आज नाही.

सनातन_सागर (सकाळी १०:१५)

आमच्या आजोबांचं असंच झालं होतं. बोलता येत नव्हतं, पण रामरक्षा अख्खी. घरातल्यांना चमत्कार वाटला. आज कारण कळलं. रातपाळी, आभार. (आणि वैद्यबाई, भेलसंहितेची छापील प्रत कुठे मिळेल? खरंच वाचायची आहे.)

वैद्यबाई_वाशी (सकाळी १०:४०)

व्यक्तिगत निरोप केलाय.

अण्णा_पाचपाखाडी (सकाळी ११:००)

धागाकर्ते, आई आता कशा आहेत?

खाडीकाठचा (मंगळवार, रात्री ९:४८)

अण्णा, काल सांगायचं राहिलं. घोडबंदरताई, त्या अहवालाचं लॅमिनेशन भाजी चिरायला छान, पाणी लागत नाही.

आज संध्याकाळी आईला घेऊन तलावपाळीला गेलो होतो. बाकावर बसवलं, शेंगदाण्याची पुडी डाव्या हातात दिली. म्हटलं चार दिवस इतकी माणसं डोकं लावतायत, जिचा प्रश्न तिलाच विचारू. "आई, मन कुठे असतं गं?" तिने माझ्याकडे पाहिलं. पुडी मांडीवर ठेवली आणि डावा हात माझ्या कपाळाला लावला. मला वाटलं, डोकं दाखवतेय, मेंदूवाले जिंकले. पण ती ताप बघत होती. मग ओठ जुळवायला लागली. "ठ... ठा..." मी म्हटलं, ठेव, दमशील. मान हलवली, नाही म्हणून. नाहीच होती या वेळी. दोन मिनिटं तरी गेली असतील. शेजारचा फुगेवालाही थांबून बघत होता.

"ठाण्याला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं, आणि नौपाड्यात म्हणायची त्याच सुरात, "नेऊन... घाली."

एक अक्षर राहिलं, पण हसली इतकी की शेंगदाणे सांडले.